थांबण्याची किंमत
लहान उद्योजक सैन्याच्या कामापासून दूर का राहतो? विष्णुपुरीहून घेतलेला शोध

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं, की सिडकोची वस्ती मागे पडते आणि गोदावरीच्या काठावर विष्णुपुरी येते. इथं नदीवर धरण आहे, त्याच्या जलाशयाला शंकरसागर हे नाव आहे. १९८१ मध्ये सुरू झालेली श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था इथलीच. १९९४ मध्ये स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही याच परिसरात आहेत. मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यातली शेकडो मुलं दरवर्षी इथं यंत्र, उत्पादन, उपकरणशास्त्र, वस्त्र तंत्रज्ञान शिकतात आणि पदवी हातात पडली की पुण्याची नाही तर हैदराबादची गाडी धरतात.

ज्यांच्या नावाने हा जलाशय ओळखला जातो, ते शंकरराव चव्हाण १९८४ मध्ये काही महिने देशाचे संरक्षणमंत्री होते. त्यांच्याआधी १९६२ ते १९६६ या काळात यशवंतराव चव्हाणांनी, नंतर शरद पवारांनी आणि २०१४ ते २०१७ मध्ये मनोहर पर्रीकरांनी हे खातं सांभाळलं. म्हणजे मराठी बोलणारी चार माणसं या खात्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बसली. देशातल्या जुन्या ४१ आयुध निर्माणींपैकी १० महाराष्ट्रात आहेत, आठ ठिकाणी मिळून: खडकी, देहू रोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा, भद्रावती. तोफा आणि दारूगोळ्याचं संशोधन करणाऱ्या डीआरडीओच्या प्रयोगशाळा पुण्यात, लष्करी वाहनांची अहिल्यानगरात, विमानांचा कारखाना ओझरला. तरीही नांदेड-लातूरच्या औद्योगिक वसाहतींत फिरलं तर दिसतात त्या डाळ गिरण्या, तेल गिरण्या, जिनिंग-प्रेसिंग, शेती अवजारांची आणि फॅब्रिकेशनची शेड. सैन्याचं काम ही इथल्या उद्योगाची ओळख कधी झाली नाही.

याची दोन ठरलेली उत्तरं दिली जातात. एक, मराठवाड्यात तेवढं कौशल्य नाही. दोन, इथल्या माणसाला धाडस नाही. दोन्ही उत्तरं मला मान्य नाहीत. कौशल्य नसतं तर इथली मुलं पुण्याच्या कारखान्यांत आणि हैदराबादच्या संरक्षण कंपन्यांत टिकली नसती. आणि तीन वर्षांतून एकदा पाऊस दगा देणाऱ्या मुलखात जो माणूस जिनिंग चालवतो, त्याला धाडस शिकवायची गरज नाही. तो हिशेब करतो, आणि हिशेब त्याला सांगतो की हे काम घेऊ नकोस. तो हिशेब नीट वाचला तर दोष कुठे आहे ते कळतं.

वीस लाखांच्या ऑर्डरचा हिशेब

एक उदाहरण मांडू. समजा, नांदेडच्या एका शेडला लष्कराच्या एखाद्या डेपोकडून वीस लाख रुपयांच्या सुट्या भागांची ऑर्डर मिळाली. दहा टक्के नफा धरला तर दोन लाख सुटायला हवेत आणि खर्च अठरा लाख. हे अठरा लाख बँकेच्या कॅश क्रेडिटमधून येतात. वर्षाला बारा टक्के व्याज धरलं तर महिन्याला अठरा हजार रुपये. माल तयार होण्यात, तपासणीत आणि बिल निघण्यात मिळून सहा महिने जादा गेले, तर व्याजाचे एक लाख आठ हजार गेले. निम्म्याहून अधिक नफा इथंच संपला.

आता दंड. उशीर झाला तर राहिलेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला अर्धा टक्का एलडी, म्हणजे विलंबाचा दंड, कापायची रीत वर्षानुवर्षं आहे. खास प्रतीचं पोलाद उशिरा आलं, दहा आठवडे लांबले आणि सगळाच माल त्यात अडकला, तर पाच टक्के, म्हणजे एक लाख. एक लाख आठ हजार आणि एक लाख. दोन लाखांच्या नफ्यातून आठ हजारांचा तोटा हाती आला. यात कामगिरीच्या हमीसाठी द्यावी लागणारी बँक गॅरंटी धरलेली नाही. ती गॅरंटी म्हणजे बँकेत अडकून पडलेली मुदत ठेव, वर बँकेचं कमिशन. पुन्हा पुन्हा डेपोला आणि लेखा कार्यालयाला घातलेल्या खेपाही धरलेल्या नाहीत.

कायदा उद्योजकाच्या बाजूने आहे, हे खरं. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावं लागतं. तक्रारीसाठी सुविधा परिषद आहे. निकाल विरुद्ध गेला तर खरेदीदाराला आव्हान देण्याआधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. इतका कडक कायदा असताना अडचण उरते कुठे?

ती दोन जागी उरते. पंचेचाळीस दिवसांचं घड्याळ माल स्वीकारला गेल्यापासून चालू होतं, आणि लेखी हरकत आली तर ती दूर होईपर्यंत थांबतं. लष्कराच्या खरेदीत माल गेटात गेला म्हणजे स्वीकारला गेला असं होत नाही. गुणवत्ता खात्याच्या निरीक्षकाची आय-नोट, म्हणजे तपासणीचा दाखला, लागते. डेपोची सीआरव्ही, म्हणजे माल मिळाल्याची प्रमाणित पावती लागते. मग बिल संरक्षण लेखा कार्यालयाकडे जातं. यातला एक कागद अडला की पुढचं सगळं अडतं. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. व्याज मागायचं कोणाकडे? ज्याच्याशिवाय त्या मालाला दुसरा ग्राहक नाही, त्याच्याकडे. ट्रॅक्टरचा भाग एका कंपनीने नाकारला तर दुसरीच्या दारात जाता येतं. रणगाड्याच्या भागाचं तसं नाही. एकुलत्या एका ग्राहकावर दावा लावणारा माणूस पुढची निविदा भरायला कोणत्या तोंडाने जाणार? म्हणून हक्काचं व्याज कागदावर राहतं.

खासगी खरेदीदारावर अलीकडे एक दाब आला आहे. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीप्रमाणे लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ती रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही. त्यामुळे मार्च आला की कंपन्या बिलं चुकती करू लागतात. सरकारी संरक्षण कंपन्यांनाही हा नियम बांधतो. पण डेपो, तळ आणि मंत्रालय आयकर भरत नाहीत. सर्वांत मोठ्या खरेदीदारावर हा दाब चालतच नाही.

सीलबंद तपशील

पैशाची अडचण सगळ्यांना दिसते. कागदाची अडचण आतल्या माणसालाच ठाऊक असते. सैन्याच्या प्रत्येक वस्तूचं रेखाचित्र आणि प्रमाणित तपशील राखणारं एक प्राधिकरण असतं, त्याला या धंद्यात एएचएसपी म्हणतात. रेखाचित्रात सांगितलेली पोलादाची प्रत आज बाजारात मिळत नसेल आणि तिच्याहून सरस प्रत मिळत असेल, तरी कारखानदाराला आपल्या मनाने ती वापरता येत नाही. परवानगी मागावी लागते, आणि परवानगीला लागणारा वेळ त्याच्या हातात नसतो. पोलाद गिरणी खास प्रतीचा माल टनांनी ओतते. लहान शेडला हवा असतो दोन-तीनशे किलो. मग तो व्यापाऱ्याकडून चढ्या दराने घ्यायचा, त्याचं रासायनिक प्रमाणपत्र पैदा करायचं, आणि तपासणीत ते टिकेल याची काळजी वाहायची.

शस्त्रप्रणाली असेल तर आणखी एक पायरी आहे. फौजेला विकत घ्यायची मोठी वस्तू आधी चाचणीला आणावी लागते, आणि ती विक्रेत्याने स्वतःच्या खर्चाने आणायची असते. सरकार त्या बदल्यात कोणतंही वचन देत नाही. राजस्थानच्या उन्हात, लडाखच्या थंडीत, दमट किनाऱ्यावर वस्तू तपासली जाते. दोन-दोन वर्षं माणसं आणि यंत्रं तिथं गुंतून पडतात. अखेर सर्व कसोट्या पार झाल्यावरही, पात्र ठरलेल्यांत ज्याचा दर सर्वांत कमी तोच एल-वन ठरतो. कसोटीत जीव ओतलेला आणि कसोटी जेमतेम पार केलेला, दोघे दराच्या एका ओळीत उभे राहतात.

त्यानंतरही पुढच्या वर्षीची शाश्वती नसते. खरेदी वर्षाच्या तरतुदीशी बांधलेली असते. एका ऑर्डरसाठी साचे, फिक्श्चर, गेज बनवायचे, त्यांचा खर्च त्या एकाच ऑर्डरवर बसतो, आणि पुढची निविदा कधी निघेल हे कोणी सांगत नाही. आता हे वाळूजच्या वाहन उद्योगाशी ताडून पाहा. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या आधाराने औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शेकडो पुरवठादार उभे राहिले. वाहन कंपनी दरासाठी घासाघीस करते, दोष निघाला तर माल परत पाठवते, दर वर्षाला किंमत कमी करायला सांगते. पण ती महिन्याचं शेड्यूल देते. पुढच्या महिन्यात किती नग लागणार हे ठाऊक असलं की माणूस यंत्र घेतो, कामगार ठेवतो, बँक कर्ज देते. मराठवाड्याच्याच मातीत उद्योजक उभे राहिले ते शेड्यूलच्या भरवशावर.

दप्तरातली भीती

दोष एकट्या खरेदी अधिकाऱ्याच्या माथी मारणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. मार्च १९८६ मध्ये ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला, १९८७ मध्ये दलालीचा आरोप बाहेर आला, आणि त्यानंतर सही करणाऱ्या प्रत्येक हाताला कापरं भरलं. नव्या तोफेच्या मोठ्या खरेदीवर सही व्हायला नोव्हेंबर २०१६ उजाडावा लागला, तेव्हा अमेरिकेच्या एम-७७७ हलक्या तोफा घेतल्या गेल्या. मधली तीस वर्षं सैन्याने जुन्या तोफांवर काढली. कारगिलचं युद्ध त्याच बोफोर्सने लढवलं.

घेतलेल्या निर्णयाची चौकशी होते, न घेतलेल्या निर्णयाची होत नाही. महालेखापरीक्षक, दक्षता आयोग, सीबीआय यांच्यापुढे उत्तर द्यावं लागतं ते सही करणाऱ्याला. फाईल आणखी एका टेबलावर पाठवणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याने अशा वेळी काय करावं? तो आणखी एक शेरा मागतो, आणखी एक बैठक ठेवतो. त्याची नोकरी सुरक्षित राहते आणि त्या शेऱ्याचं व्याज नांदेडचा शेडवाला भरतो.

याचं सर्वांत स्पष्ट निदान एका मराठी माणसानेच केलं आहे. धुळ्याचे तेव्हाचे खासदार डॉ. सुभाष भामरे व्यवसायाने कर्करोगतज्ज्ञ. ते संरक्षण राज्यमंत्री असताना २०१७ च्या अखेरीस त्यांनी खात्याच्या खरेदी पद्धतीवर अंतर्गत अहवाल तयार केला. २०१८ च्या सुरुवातीला तो वर्तमानपत्रांतून लोकांसमोर आला. आधीच्या तीन आर्थिक वर्षांतल्या १४४ प्रस्तावांपैकी जेमतेम आठ ते दहा टक्के ठरलेल्या मुदतीत पूर्णत्वाला गेले, असं त्यात नोंदवलं होतं. प्रस्ताव मागवण्याच्या टप्प्यालाच सरासरी १२० आठवडे लागत होते, नियमाने ठरवलेल्या वेळेच्या सहापट. निर्णय घेणारे अनेक आणि जबाबदार कोणी एक नाही, हे त्या अहवालाचं सार होतं. खात्याचाच मंत्री हे लिहून ठेवतो, तेव्हा उद्योजकाची तक्रार रडगाणं म्हणून बाजूला सारता येत नाही.

फौजेची बाजूही तितक्याच गांभीर्याने ऐकली पाहिजे. मे २०२५ मध्ये हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी उद्योजकांच्याच मेळाव्यात सांगितलं, की वेळेवर पूर्ण झालेला एकही प्रकल्प त्यांना आठवत नाही. आणि गुणवत्तेत ढिलाई झाली तर काय होतं, हे विदर्भाने पाहिलं आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्री वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात स्फोट होऊन आग लागली. अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं गेली. स्फोटकं गळणाऱ्या सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांकडे बोट दाखवलं गेलं. म्हणून निरीक्षण सैल करा, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. ज्या वस्तूवर सैनिकाचा जीव टांगलेला आहे, ती दहादा तपासली पाहिजे. प्रश्न एवढाच आहे, की त्या दहा तपासण्यांना लागणाऱ्या वेळेची किंमत कोणी मोजायची.

ज्यांना थांबणं परवडलं

ती किंमत मोजून जे टिकले त्यांच्याकडे पाहू. पुण्याची भारत फोर्ज ही वाहनांचे क्रँकशाफ्ट आणि ॲक्सल बनवून मोठी झालेली कंपनी. डीआरडीओच्या पुण्यातल्या एआरडीई या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये एटॅग्ज या १५५ मिलिमीटरच्या ओढत्या तोफेचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा भारत फोर्ज आणि टाटा त्यात उतरले. चाचण्या वर्षानुवर्षं चालल्या. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणला एका तोफेची नळी फुटली आणि घड्याळ पुन्हा मागे गेलं. करारावर सही झाली २६ मार्च २०२५ रोजी. ३०७ तोफा, त्या ओढणाऱ्या गाड्यांसह सुमारे ६,९०० कोटी रुपयांचं काम, त्यातला मोठा वाटा भारत फोर्जचा. बारा वर्षं भारत फोर्जचे बाबा कल्याणी थांबू शकले, कारण त्या बारा वर्षांत जगभरच्या वाहन कंपन्या त्यांचा माल घेत होत्या.

नागपूरच्या सोलर समूहाचंही तसंच. खाणींसाठी लागणारी स्फोटकं बनवून हा समूह भक्कम झाला आणि मग संरक्षणाकडे वळला. १ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज या कंपनीशी दहा लाख हातबॉम्बसाठी सुमारे ४०९ कोटींचा करार झाला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पहिला साठा सैन्याच्या हाती पडला. खासगी कारखान्यातून आलेला हा हातबॉम्ब पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रचनेच्या बॉम्बची जागा घेणारा होता. नागपूरसाठी ही अभिमानाची गोष्ट. पण कोळशाच्या आणि सिमेंट कंपन्यांच्या खाणींकडून रोज येणारा पैसा पाठीशी नसता, तर स्फोटकांचा परवाना आणि चाचण्या यांची वाट पाहणं त्यांनाही जड गेलं असतं.

दोन्ही उदाहरणांचं सार एकच. संरक्षणात तो टिकतो ज्याला संरक्षणाची गरज नसते. ज्याचं पोट दुसऱ्या धंद्यावर चालतं, तो वाट पाहतो. नांदेडच्या लहान शेडचं पोट याच शेडवर आहे.

जुना अविश्वास

सरकार आणि खासगी उद्योग यांच्यातलं हे अंतर जुनं आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी केली. महायुद्धाच्या धामधुमीत सरकारने आधी त्यात भागीदारी घेतली आणि १९४२ मध्ये कंपनी ताब्यातच घेतली. खरेदीदार, नियम करणारा आणि हवा तेव्हा मालक होणारा एकच असतो, हा धडा हिंदी उद्योजकाला स्वातंत्र्यापूर्वीच मिळाला. १९४८ च्या आणि १९५६ च्या औद्योगिक धोरणांनी शस्त्रं आणि दारूगोळा सरकारसाठी राखून ठेवला. चीनच्या युद्धानंतर यशवंतरावांच्या कारकिर्दीत, १९६२ मध्ये संरक्षण उत्पादनाचा स्वतंत्र विभाग झाला आणि १९६५ मध्ये संरक्षण पुरवठा विभाग. आयात होणाऱ्या वस्तू देशातल्या नागरी कारखान्यांकडून बनवून घ्यायच्या, हाच या दुसऱ्या विभागाचा हेतू होता. म्हणजे आज आत्मनिर्भर म्हणून जे मांडलं जातं, त्याचा पाया साठ वर्षांपूर्वी घातला गेला होता. तरी खासगी उद्योगाला संरक्षण उत्पादनाचं दार अधिकृतपणे उघडलं ते मे २००१ मध्ये. मधल्या काळात खासगी कारखानदार आयुध निर्माणींचा उपपुरवठादार एवढाच राहिला, आणि उपपुरवठादाराच्या अडचणी दिल्लीपर्यंत पोचत नाहीत.

हा रोग फक्त आपला नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात एक्कावन्न मोठ्या संरक्षण कंपन्या होत्या, विलीनीकरणांनंतर पाच उरल्या. तिथल्या संरक्षण खात्यानेच अलीकडे कबूल केलं, की दहा वर्षांत त्यांच्यासाठी काम करणाऱ्या लहान उद्योगांची संख्या चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. जगातल्या सर्वांत श्रीमंत फौजेचे लहान पुरवठादारही कागदपत्रं आणि वाट पाहणं यांना कंटाळून निघून गेले. काही जण सदसद्विवेकानेही दूर राहतात. २०१८ मध्ये कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर गूगलने ड्रोनच्या चित्रणाचं विश्लेषण करण्याचा लष्करी करार पुढे न वाढवण्याचं ठरवलं. आपल्याकडे मात्र सैन्याच्या कामाला ना म्हणणाऱ्याच्या मनात सैन्याविषयी आदरच असतो. म्हणूनच त्याचं ना म्हणणं अधिक लागतं.

नांदेडचा तिरंगा

मराठवाड्याच्या माणसाला कडक सरकारी प्रमाण झेपत नाही, या समजाला नांदेडमध्येच उत्तर आहे. देशात प्रमाणित खादीचा राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या ज्या मोजक्या संस्था आहेत, त्यांत नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे. ध्वजाचं कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या केंद्रात विणलं जातं आणि ध्वज नांदेडला शिवले जातात. भारतीय मानकांच्या यादीत क्रमांक एकचं मानक राष्ट्रध्वजाचं आहे. धाग्यांची संख्या, कापडाचं वजन, रंगाची छटा आणि टिकाऊपणा, शिलाई, अशोकचक्राची जागा, सगळं त्यात ठरवून दिलं आहे. सहा इंच बाय चार इंचापासून एकवीस फूट बाय चौदा फुटांपर्यंत नऊ आकार आहेत. एका मापात चूक झाली तर माल बाद. इतकं काटेकोर काम उदगीरच्या विणकरांनी आणि नांदेडच्या शिलाई करणाऱ्या हातांनी वर्षानुवर्षं केलं आहे.

ते का जमलं? मानक उघड आहे, कोणालाही वाचता येतं. ते दर निविदेला बदलत नाही. ग्राहक एक नाही, हजारो आहेत: कार्यालयं, शाळा, महापालिका. आणि मागणी कधी येणार हे पंचांगासारखं ठरलेलं आहे, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट. नियम कडक, पण स्थिर. तिथं मराठवाड्याचा माणूस कमी पडला नाही.

स्थिरता मोडली तेव्हा काय झालं, हेही याच संस्थेने अनुभवलं. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत बदल करून यंत्रावर बनवलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजाला परवानगी दिली गेली. घरोघरी तिरंगा पोचावा हा हेतू चांगला होता. पण हाताने कातून-विणून तयार होणाऱ्या खादीला एका अधिसूचनेनिशी स्वस्त पॉलिस्टरशी स्पर्धा करावी लागली. कर्नाटकातल्या हुबळीजवळच्या बेंगेरीच्या ध्वजकेंद्रानेही त्याविरुद्ध आवाज उठवला. सरकारच्या भरवशावर यंत्र घेणाऱ्या, माणसं शिकवणाऱ्या प्रत्येकाला याच गोष्टीची धास्ती असते. कडक नियमाशी त्याला जुळवून घेता येतं. अचानक बदलणाऱ्या नियमापुढे त्याचा इलाज चालत नाही.

दार किती उघडलं

गेल्या काही वर्षांत बरंच बदललं आहे, आणि ते मनापासून मान्य केलं पाहिजे. सूक्ष्म-लघु उद्योगांकडून पंचवीस टक्के खरेदीचं बंधन आहे, त्यांना अनामत रकमेतून सूट आहे. २०१८ पासून आयडेक्स योजनेत नवउद्योगाला नमुना बनवण्यासाठी अनुदान मिळतं. ऑगस्ट २०२० मध्ये १०१ वस्तूंच्या आयातीवर टप्प्याटप्प्याने बंदी घालणारी पहिली यादी निघाली, पुढे आणखी याद्या आल्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात खडकीला आणि यंत्र इंडियाचं नागपूरला आहे. २०२४-२५ मध्ये देशाचं संरक्षण उत्पादन दीड लाख कोटींच्या वर गेलं, त्यात खासगी क्षेत्राचा वाटा २३ टक्के होता.

सर्वांत महत्त्वाचा बदल दैनंदिन खरेदीच्या नव्या नियमपुस्तिकेत आहे, जी १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आली. देशात प्रथमच बनणाऱ्या वस्तूच्या विकासाच्या काळात उशिराचा दंड नाही, नंतरही आठवड्याला अर्ध्या टक्क्याऐवजी ०.१ टक्का. अशा वस्तूंना पाच वर्षांपर्यंत ऑर्डरची हमी देण्याची सोय. आयुध निर्माणींचा ना-हरकत दाखला घेण्याची जुनी अट रद्द. ज्याने हे लिहिलं त्याला शेडवाल्याचा हिशेब कळला आहे.

आता नियम नांदेडपर्यंत पोचला पाहिजे, आणि त्यासाठी तीन गोष्टी लागतील. पहिली, व्याज. उशिरा दिलेल्या बिलावरचं व्याज मागावं लागू नये. पंचेचाळीसावा दिवस उलटला की ते बिलाबरोबर आपोआप जमा व्हावं. मागायची वेळ आली की लहान माणूस गप्प बसतो, हे आपण पाहिलंच. त्याचबरोबर अधिकाऱ्याच्या कामगिरीत विलंबाचीही नोंद व्हावी, म्हणजे न घेतलेल्या निर्णयालाही जबाबदार माणूस असेल.

दुसरी, तपासणी जवळ यावी. २०२० मध्ये केंद्राने संरक्षण चाचणी केंद्रांसाठी ४०० कोटींची योजना आणली, त्यात पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. भर उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या संरक्षण कॉरिडॉरवर राहिला. विष्णुपुरीला अभियांत्रिकी संस्था आहे, वस्त्र तंत्रज्ञानाचा विभाग आहे, यंत्रांची माहिती असलेले अध्यापक आहेत. इथं मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळा उभी राहिली तर नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या शेडला नमुना घेऊन पुण्याला जावं लागणार नाही.

तिसरी, सुरुवात तोफेपासून करायची नसते. सैन्याला तंबू लागतात, ताडपत्र्या, दोर, मोजे, बनियन, पट्टे, पेट्या, रॅक, ट्रेलरचे भाग लागतात. मराठवाड्याचा कापूस गाठी होऊन बाहेर जातो आणि त्याचं मोल परमुलखात वाढतं. वस्त्र तंत्रज्ञान शिकलेली मुलं आणि कापूस पिकवणारं शिवार एकाच तालुक्यात असताना सैन्याच्या कापडाचा पहिला प्रयोग इथं व्हायला हरकत काय? हैदराबाद नांदेडला पुण्यापेक्षा जवळ आहे. भारत डायनॅमिक्स आणि मिधानी हैदराबादेत आहेत, मेदकची आयुध निर्माणीही त्याच बाजूला. इथल्या उद्योजक संघटनांनी मुंबई-पुण्याकडे डोळे लावून बसण्यापेक्षा त्या दिशेला संबंध जोडावेत.

पुढच्या काही वर्षांत संरक्षण उत्पादनाचे आकडे वाढतच जातील. प्रदर्शनं भरतील, सामंजस्य करार होतील, नांदेड-लातूरहूनही कोणी तरी पहिली ऑर्डर मिळवेल आणि त्याचा फोटो छापून येईल. त्या फोटोवरून धोरणाचं यश मोजू नये. उत्साहाच्या भरात पहिली ऑर्डर कोणीही घेतो. बिल वेळेवर मिळालं, तपासणी वेळेत झाली, पुढच्या वर्षाचं शेड्यूल हातात आलं, आणि त्याच माणसाने विचार करून दुसरी निविदा भरली, तर सरकारने त्याचा विश्वास कमावला असं म्हणता येईल. संरक्षण खात्याने दरवर्षी नव्या पुरवठादारांची संख्या जाहीर करावीच, पण परत आलेल्यांची संख्या त्याआधी जाहीर करावी.